मावळातली मेहनत

पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडीला उजवीकडे वळले, की नसरापूर ओलांडून वेल्ह्याची वाट लागते आणि तसेच पुढे जाऊन कापूरहोळला वळले, की भोरची. या दोन्ही वाटांवर पहाटे साडेपाचच्या सुमारास गाडी जरा जपूनच हाकावी. रस्त्याच्या कडेने पोरे धावत असतात. कधी दोघे-तिघे, कधी आठ-दहांचा घोळका. त्यांत ओढणी कमरेला घट्ट बांधलेल्या तीन-चार मुलीही. एखाद्या पुलाशी ती थांबतात, जमिनीला हात टेकून पंचवीस जोर मारतात, लगेच उठून उड्या, लगेच बैठका, आणि घाम पुसायच्या आत पुन्हा धावायला लागतात. कुठे शाळेच्या मैदानावर ट्रॅक्टरचे जुने टायर उलथेपालथे होत असतात. कुठे आंब्याच्या फांदीला जाड दोर बांधलेला असतो. कोणीतरी मोबाइलवर सेकंद मोजत असतो आणि तीस झाले, की ओरडतो, "बदला!"

या प्रकाराला पोरे 'सर्किट' म्हणतात. विजेच्या तारांशी त्याचा संबंध नाही, झटका मात्र तसाच बसतो. एका जागी एक व्यायाम, दुसऱ्या जागी दुसरा, तिसऱ्या जागी तिसरा. मध्ये विश्रांती जवळजवळ नाही. फेरी पुरी झाली, की पहिल्यापासून. कशासाठी एवढे, म्हणून विचारले तर उत्तरे तीन मिळतात. पहिले 'भरती', म्हणजे पोलीस नाहीतर लष्कर. दुसरे 'कुस्ती'. तिसरे उत्तर मला पहिल्यांदा मिळाले तेव्हा मी ते दोनदा विचारून घेतले. 'फायटिंग'. म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. ठोसे, लाथा, पकडी सगळे एकत्र, आणि तेही जाळीच्या पिंजऱ्यात. वेल्हे तालुक्यात (आता त्याचे नाव राजगड तालुका झाले आहे, पण एसटीत शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडी अजून वेल्हेच) २०११च्या जनगणनेत जेमतेम चोपन्न हजार माणसे मोजली गेली. पुणे जिल्ह्यातला हा सर्वांत विरळ वस्तीचा तालुका. तिथल्या पोराला लास व्हेगासच्या पिंजऱ्यातले नियम पाठ असावेत याचे मला आधी नवल वाटले. मग वाटले, नवल कसले?

हा मुलूखच तसा आहे. भाटघर धरणाच्या पाण्याला येसाजी कंक जलाशय हे नाव आहे आणि भुतोंडे हे येसाजीचे गाव. गोवळकोंड्याच्या भेटीत कुतुबशहाने महाराजांना विचारले, तुमच्याकडे हत्ती किती. महाराज म्हणाले, हत्ती कशाला, माझा एकेक मावळा हत्तीच्या तोडीचा. आणि मग येसाजी हत्तीपुढे जाऊन उभा राहिला, ही गोष्ट इथल्या पोराला शाळेत जाण्याआधी ठाऊक असते. ती कागदपत्रांवर घासून पाहण्यात अर्थ नाही, गोष्ट म्हणूनच ऐकावी. पण कारीचे कान्होजी जेधे, शिंदचे बाजीप्रभू ही काही गोष्टीतली माणसे नव्हेत. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जी गळाभेट झाली, तिच्यातला पहिला डाव कुस्तीचाच होता. खानाने मान बगलेत दाबली होती. पुढे सय्यद बंडाचा हात ज्याने वरच्यावर उडवला, त्या जिवा महालाची समाधी भोरजवळ आंबवड्याला दाखवतात.

इतिहास बाजूला ठेवला, तरी इथल्या माणसाला व्यायाम हा शब्द फार उशिरा कळला. तोरणा १,४०३ मीटर उंच आहे आणि त्याच्या पोटातल्या वाड्या-वस्त्यांवरून दूध, सरपण, आजारी माणूस हे सगळे खांद्यावरूनच खाली यायचे. आजही राजगडावर ताक विकणाऱ्या बाया पहाटे खालून भरलेली किटली घेऊन निघतात आणि ट्रेकवाल्यांच्या आधी वर पोचलेल्या असतात. दर साली सिंहगड-राजगड-तोरणा अशी लांब पल्ल्याची डोंगरधाव भरते. शहरातली मंडळी प्रवेशशुल्क भरून, भारी बूट घालून धावतात, आणि मला त्यांचे खरेच कौतुक आहे. पण त्याच वाटेवर डोक्यावर भारा घेतलेली एखादी मावशी बाजूला उभी राहून त्यांना वाट करून देते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचे भाव टिपणारा फोटोग्राफर मला अजून भेटलेला नाही.

तालीम म्हणजे काय, हे शहरातल्या तरुण वाचकांना थोडे सांगायला हवे. मारुतीच्या देवळाला लागून एक बुटकी खोली. दार इतके ठेंगणे, की पैलवानानेही वाकूनच आत यावे. आत हौदा, त्यात लाल माती. ही माती नुसती उचलून आणलेली नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, काव असे काय काय मुरवलेले असते आणि प्रत्येक वस्तादाचे प्रमाण वेगळे. पहाटे चारला उठून पोराने पहिले काम करायचे ते खोऱ्याने हौदा उकरण्याचे. खांदे, कंबर, मनगट सगळे त्यात निघते. मग जोर, मग बैठका, मग जोर आणि बैठक यांची सांगड घातलेल्या सपाट्या. मग दोरावर चढणे, करेला फिरवणे, जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका. आणि हे सगळे झाल्यावर, अंगात उभे राहायचे त्राण नसताना, लढती. या सगळ्याला मिळून तालमीत शब्द एकच: मेहनत. 'मेहनत झाली का?' असे विचारतात. व्यायाम केला का, असे कोणी विचारत नाही.

आता कोणीही म्हणेल, की हे तर सर्किटच झाले. बरेचसे झाले. इंग्लंडात लीड्स विद्यापीठातल्या मॉर्गन आणि अ‍ॅडमसन या दोघांनी १९५३च्या सुमारास सर्किट ट्रेनिंगची पद्धत बसवली. थोड्या जागेत, थोड्या वेळात पुष्कळ मुलांचा व्यायाम करून घ्यायचा, हा मूळ हेतू. पुढे जपानच्या इझुमी ताबाता यांचा १९९६ सालचा अभ्यास गाजला. वीस सेकंद जीव तोडून, दहा सेकंद विश्रांती, अशा आठ फेऱ्या. म्हणजे उणीपुरी चार मिनिटे. ज्यांना ही चार मिनिटे सोपी वाटतात त्यांनी ती डॉक्टरांना विचारून एकदा करून पाहावीत. आणि पोरे ज्याला 'बर्पी' म्हणतात, तो प्रकार रॉयल बर्पी नावाच्या एका अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाच्या नावावर आहे. सपाट्या मारून मोठ्या झालेल्या पोराला फी घेऊन बर्पी शिकवतात, यावर भोर भागातले एक वयस्कर वस्ताद मला म्हणाले, "आमचंच पोरगं, बारसं मातुर तिकडं."

पण वस्तादांचे हे म्हणणे पुरते खरे नाही, आणि फरक कुठे आहे ते पाहण्यासारखे आहे. तालमीची मेहनत दमाची. हजार बैठका मारणारा पोरगा एका ठेक्यात मारतो. घड्याळ नसते, मोजणी असते. त्या काळच्या कुस्तीला हे साजेसेच होते. १९१० साली लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झ्बिश्को यांची कुस्ती अडीच तासांच्या वर चालली आणि तरीही निकाल लागला नाही. आमच्या यात्रांतही उन्हे कलती होईपर्यंत दोघे एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे, असे दृश्य मी पाहिले आहे. आता मॅटवरची फ्रीस्टाइल कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांत संपते, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. दहा गुणांची आघाडी झाली, की त्याआधीही संपते. सहा मिनिटांत जो स्फोटासारखा हलेल, पुन्हा श्वास धरेल आणि पुन्हा हलेल, तो जिंकतो. छातीचा भाता सहा मिनिटे फुटायच्या काठावर ठेवायचा, ही सवय ठेक्यातल्या हजार बैठकांनी लागत नाही. ती लागते त्या "बदला!" ओरडणाऱ्या पोराच्या घड्याळाने. टायर आणि दोर गावात आले, ते फॅशन म्हणून आले नाहीत. मॅटने त्यांना बोलावून आणले.

मॅटची गोष्ट निघाली, की खाशाबा जाधवांपाशी थांबावेच लागते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला, तेव्हा त्याला मॅटची सवय नव्हती; तरी सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला त्याने ब्राँझपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि दुसरे मिळायला १९९६ साल उजाडले. हेलसिंकीच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे आपण भाषणांतून ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. माझा जन्म गहाणखते तपासण्यात गेला. घर गहाण टाकताना माणसाची सही कशी थरथरते, हे ज्याने काउंटरच्या पलीकडून पाहिले आहे, त्याला त्या टाळ्या फार स्वस्त वाटतात.

१९८०च्या दशकात मी काही वर्षे बँकेच्या नोकरीत भोर भागात होतो. तो एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचा, म्हणजे 'आयआरडीपीच्या म्हशीं'चा काळ. एका खेड्यातल्या कर्जाचे हप्ते थकले म्हणून पाहणीला गेलो. अशा पाहणीत म्हैस नेमकी 'मामाच्या गावाला' गेलेली असायची. इथे म्हैस हजर होती. कानातला बिल्ला जागेवर, अंगावर तुकतुकी. दूधही भरपूर निघत होते. डेअरीच्या पुस्तकात मात्र थेंबाची नोंद नाही.

"आबा, दूध जातं कुठं?" मी विचारले.

त्यांनी गोठ्यामागे बोट दाखवले. तिथे सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा लंगोट लावून बैठका मारत होता. खालची माती घामाने भिजून काळी झाली होती.

"त्यो बघा साहेब, तुमचा हप्ता," आबा म्हणाले.

तारण सुस्थितीत आहे, असे मी अहवालात लिहिले आणि ते शब्दशः खरे होते. त्या मुलाने पुढे तीन-चार वर्षे यात्रांत नाव काढले, मग मुंबईला पोलिसात लागला. कर्ज आईने फेडले. कोंबड्या, अंडी, दुसऱ्याच्या भातखाचरातली लावणी. शेवटचा हप्ता भरून पावती कनवटीला लावताना ती बाई म्हणाली, "प्याला त्यो, फेडलं म्या." तिच्या बोलण्यात तक्रार होती की अभिमान, हे मला तेव्हाही सांगता आले नसते.

आजचा हिशेब मांडून पाहू. मोठी स्वप्ने नकोत, जिल्हा पातळीवर झुंजणारा एक पोरगा धरू. दोन लिटर म्हशीचे दूध, एकशेचाळीस रुपये. शंभर ग्रॅम बदाम, नव्वद. सहा अंडी, बेचाळीस. पाव किलो चिकन, साठ. तूप, फळे, थंडाईची खसखस मिळून ऐंशी. दिवसाचे चारशे बारा झाले. महिन्याचे बारा हजारांच्या वर. यात तालमीची राहण्याची फी नाही, बूट नाहीत, दुखापतीचा खर्च नाही. भाताच्या दोन एकरांवर हे बसत नाही. म्हणून कात्रजच्या किंवा पुण्यातल्या संकुलांत राहायला गेलेली पोरे वर्षा-दोन वर्षांनी गुपचूप परत येतात. गावात ती सांगतात, गुडघा गेला. कधीकधी गुडघा खरेच गेलेला असतो.

शिवाय ज्या शिखराकडे बघून ती निघतात, तिथेही सगळे आलबेल नाही. शेजारच्या मुळशीचे मामासाहेब मोहोळ यांनी राज्यात कुस्तीची संघटना उभी केली आणि १९६१पासून 'महाराष्ट्र केसरी' हा शब्द घरोघर गेला. जानेवारी २०२३मध्ये पुण्यात शिवराज राक्षे केसरी झाला, त्याला थार गाडी मिळाली, तेव्हा भोरच्या एसटी स्टँडवरही त्याचीच चर्चा होती. त्याच राक्षेने फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगरला पंचाच्या निर्णयावर चिडून पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. ती गदा मुळशीच्याच पृथ्वीराज मोहोळने जिंकली. दोन महिन्यांच्या आत त्याच जिल्ह्यात कर्जतला आणखी एक 'महाराष्ट्र केसरी' भरला आणि वेताळ शेळके हा आणखी एक केसरी झाला. एका गादीवर दोन वारस बसवण्याची आपली जुनीच हौस. पण खुराकाचे पैसे जोडणाऱ्या बापाला कोणती गदा खरी, हे कोण सांगणार?

यात्रेतल्या आखाड्याचे अर्थकारण याहून वेगळे नाही. चैत्रात यात्रा सुरू होतात. हलगी-कैताळाच्या आवाजात लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात, मग दहा-वीस रुपयांपासून चढत्या इनामाच्या. शेवटची मोठी कुस्ती मात्र बाहेरच्या नामांकित मल्लांची. वर्गणीतला मोठा वाटा तीच घेऊन जाते, कारण फ्लेक्सवर तीच चालते. २०२० आणि २०२१ या दोन्ही साली करोनाने यात्राच भरल्या नाहीत. त्या दोन हंगामांत लंगोट खुंटीला लागले, ते कित्येकांचे पुन्हा निघालेच नाहीत. त्याच दोन वर्षांत पोरांच्या हातांत मोबाइल आला आणि मोबाइलमध्ये तो पिंजरा.

यूएफसी नावाची ही स्पर्धा अमेरिकेत १९९३ साली सुरू झाली. पहिल्यांदा जिंकला तो ब्राझीलचा सडपातळ रॉयस ग्रेसी. जपानी जुजुत्सूच्या पकडी त्याच्या घराण्यात मुरलेल्या होत्या. धिप्पाड माणसांना त्याने जमिनीवर नेऊन गुदमरवले. तेव्हापासून त्या खेळात जमिनीवरच्या पकडीला मान आला. आमच्या पोरांचा देव मात्र खबीब नुर्मागोमेदोव. रशियातल्या दागेस्तान या डोंगराळ मुलखातला, कुस्तीवर वाढलेला. एकोणतीस लढती, एकही हार नाही, आणि २०२०मध्ये निवृत्ती. गुंजवणीच्या खोऱ्यातला एक पोरगा मला म्हणाला, "काका, त्यांचं गाव बघा व्हिडिओत. आपल्यासारखंच हाय. डोंगर, म्हशी आन् तालीम." हे ऐकून मला बरे वाटले हे कबूल करतो. जगाच्या नकाशावर त्याला आपले गाव सापडले होते.

पिंजऱ्यात उतरलेला पहिला भारतीय मल्ल २०१७ साली शांघायला उतरला आणि पहिल्याच फेरीत हरला. जून २०२४मध्ये उत्तर प्रदेशातली पूजा तोमर तिथे लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. एवढ्या भांडवलावर शहरांच्या उपनगरांतून वर्ग निघाले आहेत. कुठे किकबॉक्सिंग, कुठे जुजुत्सू, कुठे सगळ्याची मिसळ. त्यांत चांगले शिकवणारे आहेत, आणि आठवड्याच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून बसलेलेही आहेत. मुलाला किंवा मुलीला घालण्यापूर्वी पालकांनी एक दिवस कोपऱ्यात बसून पाहावे. पडायला आधी शिकवतात की मारायला? दमलेल्या मुलाला थांबवतात की त्याचा व्हिडिओ काढतात? एवढ्यावरून पुष्कळ कळते.

माझे मत विचाराल तर मी नातवाला मातीत पाठवीन, पिंजऱ्यात नाही. कुस्तीत हरणे म्हणजे पाठ टेकणे. कान मोडतात, बोटे वाकडी होतात, खांदे उतरतात, हे सगळे खरे. पण समोरच्याचा मेंदू हलवणे हे त्या खेळाचे उद्दिष्ट नाही. डोक्यावर वर्षानुवर्षे बसणाऱ्या ठोशांचा हिशेब चाळिशी-पन्नाशीत चुकवावा लागतो, हे मुष्टियुद्धाने जगाला केव्हाच दाखवले आहे. हे मी त्या पोराला सांगितले. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "काका, कुस्तीत राहून तरी पुढं काय?" उत्तर द्यायला मी तोंड उघडले आणि शेवटी चहा मागवला.

पुढे काय, याचे बहुतेकांपुरते उत्तर भरती हेच आहे. पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीला पन्नास गुण. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. एका सेकंदाने गुण जातो आणि एका गुणाने नोकरी. पहाटेच्या त्या घोळक्यांतली निम्मीअधिक पोरे या सेकंदामागे धावत असतात. आणि याच सेकंदाच्या आशेने एक वाईट गोष्ट या वाटेवर शिरली आहे, ती स्पष्ट लिहायला हवी. मेफेंटरमाइन नावाचे इंजेक्शन आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचा उतरलेला रक्तदाब सावरायला भूलतज्ज्ञ ते वापरतात. ते टोचून व्यायाम केला की थकवा जाणवत नाही, अशी आवई जिममध्ये, भरतीच्या मैदानावर फिरते. पुणे परिसरात गेल्या काही वर्षांत पोलिसांनी त्याची बेकायदा विक्री वारंवार पकडली आहे. थकवा जाणवत नाही हे खरेच. जाणवत नाही म्हणून तर हृदय धावत राहते आणि कधीतरी अडखळते. त्याची सवयही लागते. मुलाच्या सॅकमध्ये सुई सापडली, तर रागावण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्या.

सुई नसली तरी अति मेहनतीचा घोट कडूच. चार महिने पलंगावर लोळलेला मुलगा एकदम ईर्ष्येने दोनशे बैठका आणि शंभर उड्या मारतो. स्नायूंचे तंतू तुटून त्यांतले द्रव्य रक्तात उतरते, लघवी चहासारखी काळसर होते; ते मूत्रपिंडावरचे संकट असते आणि तिथे लिंबू-सरबत कामाचे नाही, दवाखाना गाठावा लागतो. जुन्या तालमीत हे कमी घडायचे, कारण नव्या पोराला वस्ताद पहिला महिनाभर हौदा उकरण्यापलीकडे फार काही करू देत नसत. त्या वेळी पोरे कुरकुरायची.

मुलींविषयी लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण सर्वांत मोठा बदल तिथेच आहे. माझ्या भोरच्या दिवसांत आखाड्याच्या गर्दीत बाई दिसत नसे. फार तर देवळाच्या गच्चीवरून कोणी डोकावे. २०१६ साली रिओत साक्षी मलिकने ब्राँझ घेतले, त्याच वर्षअखेरीस 'दंगल' आला, आणि मार्च २०२३मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी प्रतीक्षा बागडी झाली. ऑगस्ट २०२४मध्ये पॅरिसला विनेश फोगटचे वजन अंतिम फेरीच्या सकाळी शंभर ग्रॅम जास्त भरले, त्या रात्री कित्येक घरांत जेवण गेले नाही. भोरकडच्या एका घरी दहावीतली मुलगी कुस्ती खेळते. तिची आजी आधी विरोधात होती. पोरगी चड्डीवर लोकांसमोर लोळणार म्हणजे काय! विनेशच्या त्या दिवशी मात्र आजी टीव्हीसमोर म्हणाली, "शंभर ग्राम म्हंजी किती गं?" नातीने दळणाच्या डब्यातून मूठभर पीठ काढून दाखवले. आजी बराच वेळ त्या मुठीकडे बघत बसली. आता नातीच्या दुधात साय कमी पडली, तर सुनेला बोलणी बसतात.

ही मुलगी ज्या तालमीत जाते ती मी मुद्दाम जाऊन पाहिली. जुन्या मारुतीच्या देवळाशेजारची खोली पाडून पत्र्याची शेड उभी केली आहे. अर्ध्यात हौदा, अर्ध्यात मॅट. वस्ताद पन्नाशीचे, स्वतः यात्रा गाजवलेले, आता कंपनीत पाळीवर जातात. त्यांनी आठवडा वाटून टाकला आहे. तीन दिवस माती, तीन दिवस मॅट, आणि मॅटच्या दिवशी सर्किट. भरतीची पोरे, कुस्तीची पोरे आणि ती 'फायटिंग'वाली दोघे, सगळे एकाच फेरीत. सेकंद मोजण्याचे काम त्या दहावीतल्या मुलीकडे असते, कारण ती एकटीच कोणाला सूट देत नाही. फी शंभर रुपये. ज्याला नाही जमत त्याने हौदा उकरायचा. शिव्या चालतात, सुई चालत नाही. एकाला त्यावरून काढले आणि त्याचा बाप भांडायला आला, तेव्हा वस्तादांनी बापालाच मॅटवर बसवून दोन तास समजावले, असे पोरांनी सांगितले. वस्ताद स्वतः यावर काही बोलले नाहीत.

त्यांनी वर्गणीची वही दाखवली; माझी नोकरी त्यांना कोणीतरी सांगितली असावी. वही नीट होती. मॅट जुनी, शहरातल्या एका संकुलाने कमी पैशांत दिलेली. पत्रे मुंबईकर मंडळाचे. एका निवृत्त एसटी कंडक्टरचे पाचशे, दूध घालणाऱ्या एका बाईचे दरमहा पन्नास, एका नवीन लागलेल्या शिपायाच्या पहिल्या पगारातले दोन हजार. ट्रॅक्टरचे टायर फुकट. सगळ्यात खाली, ताज्या शाईत: चढायचा दोर, चाळीस फूट. उधार.